अंगानं भरलेली विमानं

कोपरखैरण्यातल्या त्या गल्लीत सिडकोची सगळी बैठी घरं होती, त्यांचे आता तीन-तीन मजले झाले आहेत. एकच घर अजून बैठं आहे, ते धम्मपाल तांब्यांचं. दोन्हीकडचे शेजारी उंच गेल्यामुळे त्यांच्याकडे भर दुपारी दिवा लावावा लागतो. पण वर मजला चढवायचं नाव तांबे घेत नाहीत. राहायला माणसं आहेत कोण? आणि छत मोडलं तर विमानं टांगायची कुठे?

विमानं म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर कापड चढवलेली, हातभर, दोन हात लांबीची विमानं. दारातून आत आलेल्या उंच माणसाला वाकूनच बसायला जावं लागतं. आणि ही उगाच कुठलीही विमानं नव्हेत. ज्यानं जगात काहीतरी पहिल्यांदा केलं, नाहीतर सगळ्यात जास्त केलं, त्यालाच तांब्यांच्या छताला जागा. माणसाला घेऊन पहिल्यांदा उडालेलं आहे. वाटेत कुठे न उतरता, इंधन न भरता पृथ्वीला फेरी घालून आलेलं आहे. माणसानं नुसत्या पायडलवर समुद्राची खाडी ओलांडली तेही आहे. त्या पायडलवाल्याकडे बघून त्यांची बायको मीना म्हणाली होती, "ह्याला घेऊन वाशीला भाजी आनायला जात जा. रिक्षा तरी वाचंल."

तांबे स्वतः विमानात कधी बसलेले नाहीत. ते तुर्भ्याच्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते. पॅटर्न म्हणजे ओतकामाआधीचा लाकडी नमुना. त्याच्याभोवती वाळू ठोकून बसवायची, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं पोलाद ओतायचं. पोलाद निवताना आटतं, म्हणून नमुना मुळातच जरा मोठा करावा लागतो. या कामात हयात गेली आणि तांब्यांचा एकही नमुना चुकला म्हणून परत आला नाही. माणूस तसा मितभाषी, पण हे मात्र ते कुणालाही, न विचारता सांगत. "मापात आपण चुकत नाय," हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं, की मीना भाजीत मीठ जास्त पडलं तरी म्हणायची, "माझं माप चुकलं बाबा, मी काय पॅटर्नशॉपात नव्हते."

विमानांचं वेड जुनंच, नोकरीत असल्यापासूनचं. रविवारी आणि सुट्टीला सांगाडा तांब्यांनी करायचा आणि कापड मीनानं चढवायचं, अशी वाटणी होती. मीना घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची, कापडाचं तिला कळायचं. विहारात वंदनेला नेसायच्या पांढऱ्या साड्या धुऊन धुऊन मऊ पडल्या, की त्या विमानांना जायच्या. ती आकडे विचारायची, टेप लावायची, कापायची आणि साबुदाण्याची खळ लावून कापड पंखावर ताणून बसवायची. वाळलं की त्यावर टिचकी मारायची. डफासारखा आवाज आला पाहिजे. मग कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणायची, "तुमची विमानं जरा अंगानं भरलेलीच असतात हां!"

तांब्यांना वाटायचं, कौतुक करते आहे.

शेवटचं विमान त्यांनी हाती घेतलं ते 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस'. न्यूयॉर्कहून उडालं ते थेट पॅरिसला उतरलं. खाली सगळा समुद्र आणि आत एकटा माणूस. तेवढं इंधन मावायला हवं म्हणून पुढे टाकी बसवली होती, त्यामुळे त्याला समोरचं काही दिसतच नव्हतं. मीना सांगाड्यात बोट घालून बघत होती.

"सोबतीला कोन नव्हतं?"

"कोणी नाही. एकटाच."

"किती तास?"

"तेहतीस-साडेतेहतीस."

"मग तेवढा वेळ बोलला कोनाशी?"

तांबे खो खो हसले. विमान चालवायचं की गप्पा मारायच्या? मीनाला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "एकट्याला करमत कसं असंल," असं काहीतरी पुटपुटत ती शिलाईला बसली.

सांगाडा पुरा झाला आणि मीना गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. ताप उतरतोय असं डॉक्टर म्हणाले आणि ती उतरत्या तापातच गेली. मुलगी, संघप्रिया, बंगळुरूहून आली, महिनाभर राहिली, परत गेली. विमानाचा उघडा सांगाडा तांब्यांनी खिळ्याला अडकवून ठेवला. पंख्याच्या वाऱ्यानं तो हळूहळू फिरायचा आणि बरगड्यांची सावली भिंतीवरून फिरायची. वर्षभर तांबे त्याच्याखाली जेवले. ते इतके एकटे पडले होते, की पाण्याचं बिल द्यायला आलेल्या पोरालासुद्धा चहा घेणार का म्हणून विचारायचे. त्या पोराला घाई असायची.

पहिला स्मृतिदिन जवळ आला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारातच करायचा ठरलं. विहाराच्या वर मुलांची अभ्यासिका आहे, तिचं काम बघणारे अंकुशराव विचारायला आले, "ताईंच्या नावानं काही द्यायचंय का?" चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर तांबे बोलून गेले, "विमान देतो. आमच्या दोघांचं शेवटचं. तिच्याच साडीचं कापड लावून देतो." अंकुशरावांनी अभ्यासिकेच्या छताला हूकसुद्धा मारून घेतला. आता मागे फिरायला वाट नव्हती. विमान झालं तर ते मीनाचं होणार होतं, नाही झालं तर त्या हुकाकडे बघत पोरं अभ्यास करणार होती.

कपाटात मीनाची एकच पांढरी साडी उरली होती, निळ्या काठाची. त्यातलाही बराचसा भाग आधीच्या विमानांना गेलेला, काही विरलेला. पदराकडचं धड होतं तेवढंच हातात. आयुष्यात पहिल्यांदा तांब्यांनी कापडाला कात्री लावली. हिशोब सोपा होता. मूळ विमानाच्या फुटाला इथे एक इंच. खरा पंख सेहेचाळीस फूट, तर हा सेहेचाळीस इंच. कडेला दुमडायला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच. मीनाची पिवळी टेप घेतली, खूण केली. आणि आपण मापात चुकत नाही म्हटल्यावर थांबायचं कशाला? पंखाचं वरचं, खालचं, धडाचं, शेपटीचं, सगळं कापड एका बैठकीत कापून ठेवलं.

पंखावर टाकून बघितलं, तर कापड बरोबर दोन्ही टोकांना येऊन थांबलेलं. दुमडायला दोराभर नाही.

तांब्यांनी चष्मा पुसला. खूण सरकली असेल. उरलेल्या कापडातून पंखाचा तुकडा पुन्हा मोजून, श्वास धरून कापला. तोही तेवढाच आला. मग त्यांनी दोष दिला कुणाला, तर मीनाच्या टेपला. जुनी कापडी टेप, आटली असणार! तसेच उठले, चौकातल्या दुकानातून शाळेच्या मुलांची प्लास्टिकची पट्टी आणली आणि टेपशेजारी ठेवली. पट्टी आणि टेप जुळल्या. राहिली त्यांची स्वतःची स्टीलची पट्टी, कारखान्यातून निवृत्तीच्या दिवशी मागून आणलेली. तिच्यावरची अक्षरं केव्हाच झिजली होती. ती टेपशेजारी ठेवली. पहिल्या इंचाला फरक दिसेना. बाराव्याला पाव इंच पडला. चोविसाव्याला अर्धा.

तांब्यांनी पट्टी पुन्हा लावून बघितली. फरक तोच.

ती पॅटर्नशॉपची पट्टी होती. पोलाद आटतं ते भरून निघावं म्हणून तिच्यावरचा इंचच मोठा आखलेला असतो. साध्या पट्टीशी घोळ होऊ नये म्हणून साधी पट्टी तिथे आत आणूच देत नाहीत. तांब्यांच्या हाताला जन्मभर तोच इंच माहीत. नोकरीत असताना विमानांचे भाग ते जेवणाच्या सुट्टीत तिथेच आखून आणत आणि नंतर तीच पट्टी घरी आली. लाकडाचं विमान कुठे निवणार होतं आणि कुठे आटणार होतं? पण तांब्यांनी प्रत्येकाला आटायला जागा ठेवली होती.

त्यांनी वर बघितलं. सगळीच चुकलेली. अंगानं भरलेली. आणि एकाचंही कापड कधी आखूड पडलेलं नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संघप्रिया आली. पिशवी टेकवायच्या आधीच तिला जमिनीवरचे तुकडे दिसले.

"पप्पा, हे काय केलंत?"

"कापड कमी पडलं."

तिनं एक तुकडा उचलून पंखाला लावून बघितला. "दुमडायला किती धरलं?"

"अर्धा-अर्धा इंच."

"तुमच्या मापाला त्याच्यावर एक इंच धरायचा असतो," ती सहज म्हणाली आणि मग जीभ चावली.

तांबे तिच्याकडे वळले. "तुला कोणी सांगितलं?"

"आईनं. दहावीच्या सुट्टीत मी तिला कापायला मदत करायचे ना, तेव्हा. म्हणाली, पप्पांची पट्टी कंपनीची हाय, ती मोठी मापते. पन त्यांना बोलायचं नाय."

"का नाय?"

संघप्रिया तुकड्याची घडी घालत बसली. "म्हणाली, मापात चुकत नाय, येवढंच तर बोलतात ते स्वतःबद्दल. तेवढं राहू दे."

तांब्यांना आधी आला तो राग. घरात माणसं तीन आणि गोष्ट दोघींतच! इतकी वर्षं ते छाती फुगवून वर बघत होते आणि ती शेजारी उभी राहून हसत होती. भांडावं तर कुणाशी? जिच्याशी भांडायचं ती भिंतीवर हार घालून बसलेली. मग त्या रागाचंच रडू झालं. संघप्रियानं त्यांना रडू दिलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पप्पा, दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच पंख कापून टाका, धड-शेपटीलाही तोच हिशोब. कापड बसेल. आणि एक विमान तरी अगदी बरोबर मापाचं होईल."

बोलणं खरं होतं. तांब्यांनी बारीक दातांची करवत काढली, पंखाच्या टोकावर खूण केली. करवत टेकवली. हात पुढे जाईना. छताला टांगलेल्या सगळ्यांत हे एकटंच बरोबर होणार, आणि ज्याला मीनाचा हात लागला नाही तेही हे एकटंच.

"नको," ते म्हणाले. "तिनं माप असंच धरलं असतं."

आता कापड उरलं होतं ते फक्त काठाजवळच्या पट्ट्यांचं. बापलेकींनी त्या जोडल्या. खळ संघप्रियानं शिजवली, ती जरा पातळच झाली. आखूड तुकड्यांच्या टोकांना जोड लागले. पंखाला दोन्हीकडे निळा काठ आला. त्यावर चंदेरी रंग द्यायचा होता. तांब्यांनी तो दिला, पण काठावर ब्रश फिरवला नाही. टिचकी मारून बघितली. आवाज आला, पण डफासारखा नाही.

विहारात वंदना झाली, भोजनदान झालं आणि माणसं जिना चढून अभ्यासिकेत आली. विमान हुकाला लागलं. मीनाची जुनी मैत्रीण बायजाबाई मान वर करून बघत होत्या.

"विमानाला काठ कसा रं, धम्मपाल?"

"कापड कमी पडलं, बायजाक्का."

"मीनाची ना ती? बुद्धपौर्णिमेला नेसायची." आणि बायजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

खाली पाटी लावायची होती. अंकुशराव पेन उघडून उभे होते. "तांबेसाहेब, मूळ विमानाच्या बरोबर बाराव्या हिश्शाचं, असं लिहू ना? तुमचं माप म्हणजे प्रश्नच नाही."

तांब्यांनी विमानाकडे बघितलं. सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"तसं नका लिहू," ते म्हणाले. "थोडं मोठं झालंय. माप माझं चुकलंय."

कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. अंकुशरावांनी पेनचं टोपण लावलं आणि नुसतं मीनाचं नाव लिहायचं ठरलं. संघप्रियानं मात्र बापाचा हात धरला. हे वाक्य ऐकायला जी असायला हवी होती, तिचं नाव तेवढं पाटीवर येणार होतं.

दोन दिवसांनी संघप्रिया परत गेली. घरात पंख्याचा आवाज आणि छताला एक रिकामा खिळा. तांब्यांनी काही दिवस तो बघितला आणि मग एका दुपारी नवं लाकूड काढलं, दिवा लावला, पाट मांडला. प्लास्टिकची पट्टी आणि स्टीलची पट्टी, दोन्ही समोर ठेवल्या. बराच वेळ हात कशालाच जाईना.

"मीना, कुठल्या मापानं घेऊ गं?"

बोलून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं. वर्षभर ते असंच बोलत होते, चहा उतू गेला तर, चष्मा सापडला नाही तर, कापड कापताना. तेहतीस तास समुद्रावर तो माणूस कुणाशी बोलला असेल, ते तांब्यांना कळलं. त्यांनी स्टीलची पट्टी उचलली आणि लाकडावर पहिली रेघ मारली.