माझ्याच रक्ताचा रिपोर्ट

रिपोर्ट सांगायला नर्सचा फोन आला आणि नवऱ्यानं स्पीकर बंद केला. फोन घेऊन वॉशरूममध्ये गेला, कडी लावली. परदेशात आम्ही दोघंच, मला चौथा महिना. दारावर थापा मारत होते.

"अहो, काय म्हणतीये ती? बाळ जिवंत हाय ना?"

बाहेर आला तो आईला व्हिडिओ कॉल लावूनच. सासू सांगलीतनं म्हणाली, "आमच्याकडं असलं मतिमंद कुणी नाही. हिच्या माहेरचं बघा." असं मला कळलं. बाळाला डाउन सिंड्रोम.

नवरा म्हणाला, "मंगळवारी क्लिनिकला जाऊ. मोकळं करायची तारीख घेऊ."

क्लिनिकमधली बाई इंग्रजीत त्याच्याशीच बोलत होती. इंटरप्रिटर पाहिजे का, तिनं विचारलं. हा हसला. "नो नीड. शी इज नॉट एज्युकेटेड."

तेवढं इंग्रजी मला येतं. दहावी नापास आहे मी, बहिरी नाही.

खुर्ची धरून उठले. "नो. मराठी. फोन." एवढंच तोंडातनं निघालं.

बाईनं फोन लावला. पलीकडनं मराठी बाई बोलली, "ताई, मी दुभाषी. तुम्ही विचाराल तस्संच त्यांना सांगते."

रडत रडत विचारलं. बाईचं उत्तर दुभाषीनं सांगितलं, रक्तावरनं नुसती शंका येती. पक्कं कळायला पोटात सुई घालून पाणी काढतात. आणि असली पोरं जगतात, चालतात, शिकतात, उशिरा का होईना.

मग विचारलं, ही रक्ताची टेस्ट तरी सक्तीची असती ना? नवरा म्हणला होता, इथं सगळ्या बायकांची करतात, कर सही. मी केली.

"नाही ताई. सगळ्यांना विचारतात. नको म्हणता येतं."

नको म्हणता येतं. वर्ष झालं इथं येऊन, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नवरा दातओठ खात पुटपुटला, "तमाशा बास. इंडियाला पाठवून देईन."

"पाठवा," म्हणले. तारीख घेतली नाही. फाईलवर त्याचा नंबर होता, तो खोडायला लावला, माझा घातला.

सुई घ्यायची का, पोर ठेवायचं का, अजून ठरलं नाही. भ्या वाटतंय, लय वाटतंय. पण ठरवणार मी. त्यानं नाही, त्याच्या आईनं नाही, त्या क्लिनिकच्या बाईनं पण नाही.

तुम्ही शिकलेल्या बाया. तुमच्या पोटाचं असं परस्पर ठरवलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?