पण तर आहे

मी पत्रकं लिहिते. कागदाच्या दोन बाजू, तीन मागण्या, खाली सह्या. त्यामुळे मला गोल गोल बोलता येत नाही, आणि दुसऱ्याने बोललेलं चालत नाही. म्हणून सरळ सांगते. आमचं घर लातूरहून कोकणात गेलं ते एका शब्दावर, आणि तो शब्द घरात कुणालाच कळला नव्हता. मलाही नाही.

ताईला शिक्षिकेची नोकरी लागली, तीही तळकोकणात. आमच्याकडच्या पोरापोरींनी डी.एड. करायचं आणि नोकरीसाठी राज्याचं दुसरं टोक गाठायचं, ही आता रीतच झाली आहे. इकडे जागा का नाहीत, यावर मी एक पत्रक काढलं होतं. त्यात बांधलेली भजी लोकांनी आवडीने खाल्ली.

ताईचं लग्न झालेलं नाही. अप्पांनी जाहीर केलं, "पोरगी एकटी ऱ्हाणार न्हाई. आपुन समदे जायचं." सव्वीस वर्षांची बाई एकटी का राहू शकत नाही, यावर मी दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की अप्पा नुसते भोंगा आहेत. जायचंय मायला.

आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो, कधी दहा. खालच्या हौदातून घागर भरायची, जिना चढायचा, वरच्या ड्रममध्ये ओतायची. माय हे मला कळतं तेव्हापासून करत आली आहे. तिचे गुडघे त्या जिन्यावरच गेले. आता बसली की भिंतीला धरून उठते.

"मला मरायच्या आत एक असं घर पाहिजे," ती म्हणाली, "जिथं पाण्याची वाट बघायची न्हाई. बस."

मला हे झोंबलं. कारण मी गल्लीत जे निवेदन फिरवत होते, 'पाणी निदान एक दिवसाआड द्या', त्यावर पहिली सही तिची होती. थरथरती, पण पहिली.

"तूच निघून गेलीस तर लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील हे तू कवापासून बघाया लागलीस गं?"

मी निवेदनाची घडी करून पिशवीत टाकली.

जागा रिकाम्या असलेल्या शाळांची यादी आधी हातात आली. समुपदेशनाच्या, म्हणजे शाळा निवडायच्या दिवशी त्यातलं एक गाव सांगायचं होतं, आणि एकदा सांगितलं की बदलता येणार नव्हतं. यादीतलं एकही गाव आम्ही पाहिलेलं नव्हतं. अप्पा एसटीत कंडक्टर होते. देगलूर, बिलोली, कंधार, सगळा पट्टा त्यांचा पाठ. त्यांनी सायबर कॅफेतून नकाशा छापून आणला, मायच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि तालुक्याच्या गावापासून एकेका शाळेपर्यंत धरून बघू लागले.

"हे बघ. अर्धा टप्पा, म्हंजी तीन किलोमीटर. तालुक्याला चिटकून. दवाखाना, बाजार, समदं हाताशी."

दोरा एका रुंद निळ्या पट्ट्यावरून गेला होता.

"मधी पाणी हाय की," ताई म्हणाली.

"नदी हाय. नदीचं काय एवढं?"

आणि खरंच, आम्हा चौघांनाही त्यात वावगं वाटलं नाही. आमची मन्याड, आमची मांजरा. उन्हाळा आला की त्यातून मोटरसायकली जातात. नकाशातला निळा रंग म्हणजे आमच्या लेखी वर्षातून थोडे दिवस अडचण, बाकीचे दिवस रस्ता.

मी म्हटलं, निदान फोन तरी करा. ताईने तिथल्या मुख्याध्यापकांना फोन लावला, स्पीकरवर. गृहस्थ भले होते. विहिरी बारमाही, घर भाड्याने मिळेल, मुलं शहाणी. शेवटी म्हणाले, "तालुक्याला रस्त्याने दीड तास लागतो. पण तर आहे."

आम्ही वाक्य पुरं व्हायची वाट बघितली. तिकडून काही आलं नाही.

"पण... तर काय, सर?"

"तर आहे ना! तर!"

ताईने गडबडून "बरं बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. अप्पा म्हणाले, "असती एकेकाची बोलायची पद्धत. अर्धं बोलायचं, अर्धं गिळायचं. आन् दीड तास कसला? दोरा अर्धा टप्पा दावतोय." मी हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते. दुसऱ्याची भाषा न समजता त्याच्यावर हसायचं, हेच पुण्याची माणसं आमच्याशी करतात तेव्हा मी दोन पानं लिहिते.

समुपदेशनाच्या दोन दिवस आधी आम्ही तिकडे पोचलो, मे महिन्यात. तालुक्याच्या गावातून उतार संपेपर्यंत चालत गेलो आणि समोर खाडी. पलीकडे ते गाव. इतकं जवळ की कोंबडा आरवला तर ऐकू येत होता. मध्ये पूल नव्हता. कधीच नव्हता. एक लांबट होडी होती, आणि तिकडे त्या होडीला म्हणतात तर.

अप्पा बराच वेळ खिशातला दोरा चाचपत उभे होते.

ओहोटी होती. होडी धक्क्यापासून लांब, मध्ये चिखल. लोक चपला हातात घेऊन सटासट चढत होते. मायला गुडघा वाकवून आत पाय टाकता येईना. होडीवाला म्हणाला, "काकी, घाबरू नकात. काय एक होवचा नाय." त्याने चहाच्या टपरीवरून प्लास्टिकची खुर्ची आणली. एका बाजूने तो, एका बाजूने अप्पा, आणि मधे खुर्चीत माय, दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून. होडीतली माणसं सौजन्याने दुसरीकडे बघत होती. मला त्या खाडीचा, त्या नकाशाचा, आणि खरं तर अप्पांचा राग आला.

पलीकडे जे घर बघायचं होतं, त्याच्या मागच्या दारी विहीर. वाकलं की पाणी दिसत होतं. मायने राहाटाने कळशी ओढली आणि स्वतःच्या पायावर ओतली. परत ओढली, परत पायावर. तिसरी ओतली तेव्हा मी मालकिणीकडे चोरून बघितलं. आमच्या गल्लीत यावरून डोकी फुटली असती.

मालकीण हसली. "ओता, ओता. आटूची नाय ती."

माय पाय वाळू न देता तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुसरं गाव बघितलं, वर सड्यावर, म्हणजे उंच कातळाच्या माळावर. एसटी दारात थांबते, पायऱ्या नाहीत, दवाखाना जवळ. अप्पांचा चेहरा खुलला. मायने मात्र घराकडे बघितलंच नाही. ती दाराशी ओळीने मांडलेल्या तीन निळ्या ड्रमांकडे बघत होती.

"टँकर येतो का?" तिने तिथल्या बाईंना विचारलं.

"येतो ना. पाऊस लागेपर्यंत."

माझं डोकं फिरलं. "एवढा पाऊस पडतो तुमच्याकडे आणि टँकर? कुणाला निवेदन दिलं का? सह्या घेतल्या का?"

"तू कोण गो?" बाई म्हणाल्या.

"आमची धाकटी हाय," माय म्हणाली. "तिचं मनावर घेऊ नका."

लॉजवर संध्याकाळी वाद पेटला. अप्पा म्हणाले, सडा. मी म्हणाले, दोन्ही नाही, मायने लातूरलाच राहावं, आपण लढू. ताई रडकुंडीला आली. "नोकरी माझी हाय का मायच्या गुडघ्याची? शाळा कशी हाय, ते एकानं तरी इचारलं का?" खरंच कुणी विचारलं नव्हतं.

माय शेवटी बोलली. "खाडीकाठचं सांग उद्या."

"अगं, पण तुला बाजाराला, दवाखान्याला..." अप्पा म्हणाले.

"तर हाय ना."

"तरीत तुला बसता येत न्हाई! काल बघितलं की! आन् रस्त्याला एसटी न्हाई!"

"एकदा बसले की. आता एकदा बसंन, सामान घिऊन. परत येतंय कोण?"

"आन् लगीन, मयत, गावाकडचं?"

"तुम्ही जा. तुम्हाला लई टप्पे पाठ हायती."

पाणी रोज मिळावं म्हणून एक बाई परत न येण्याची तयारी करते, आणि ते तिला स्वस्तात मिळाल्यासारखं वाटतं. याच्याविरुद्ध कुठली मागणी लिहायची, मला सुचलं नाही. आजही सुचत नाही, म्हणून चीड जात नाही.

जूनच्या आत ते तिघं गेले. मी राहिले, त्याच घरात, त्याच जिन्यावर. परवा निवेदनाची नवी प्रत, मायने जाताना पहिली सही केलेली, घेऊन गल्लीत फिरले. शेजारच्या काकू चष्मा लावून म्हणाल्या, "तुझ्या मायची सही अजून वरच? ती तर पळाली की पाणी बघून. खोड ती."

"खोडणार नाही."

"मग राहणार कुठं, ते तरी खरं लिही."

बरोबर बोलल्या. मी तिथेच पायरीवर बसले आणि मायच्या नावापुढे, राहणार या रकान्यात, जुना पत्ता तसाच ठेवून खाली लिहिलं: सध्या खाडीपलीकडे. कारण, पाणी.

मग प्रत काकूंच्या पुढे धरली. "आता तुम्ही करा सही. दोन नंबरला."