माझ्याच अर्जाविरुद्ध

पिंगळीजवळच्या आमच्या गावच्या पाझर तलावाचा बांध झुडपांच्या मुळांनी पोखरला जात होता आणि मी तीन वर्षे संबंधित कार्यालयाला लिहीत होतो. अर्ज, स्मरणपत्र, माहिती अधिकार, अपील: एकही पायरी मी सोडली नाही. आधी न हलता, पाणी गावात शिरल्यावरच पंचनाम्याला येणाऱ्यांविषयी माझ्या मनात आजही क्षमा नाही.

अखेर भाद्रपदातल्या उघडिपीत बांध साफ करण्याचा आदेश निघाला. जेसीबी यायच्या दिवशी मी सकाळीच पाहणीस गेलो, तर पायाजवळच्या गवतातून हळदीकुंकू बदकाची मादी उठली. चोचीचे टोक पिवळे, मुळाशी दोन तांबडे ठिपके. पंख मोडल्याचे सोंग करीत ती माझ्यापुढे लंगडत निघाली. उभी हयात वकिलाचा कारकून म्हणून काढली, पण इतकी अस्सल खोटी साक्ष मी पाहिली नव्हती. मी तिच्यामागे न जाता ती उठली त्या जागी परतलो. तिने स्वतःच्या छातीची पिसे उपटून केलेल्या गादीवर दहा अंडी होती.

विज्ञान शिकवून निवृत्त झालेले माझे शेजारी गुरुजी माझ्या फोनवरून धावत आले. वाकून ऐकत म्हणाले, "पिल्लं आतून बोलायलीत. उद्या फुटणार. रोज एक अंडं घालते, पण शेवटचं घातल्यावरच उबवायला बसते. म्हणून सगळी एकाच दिवशी बाहेर येतात."

तेवढ्यात जेसीबी आला. मी आडवा उभा राहिलो.

"काका, अर्ज तुमचाच, अन् आडवं बी तुमीच?" चालक हसला. साहेबांशी फोनवर बोलून मला म्हणाला, "साहेब लेखी मागायलेत. उद्या दुपारपस्तोर थांबतो. मंग मशीन जिंतूरला जाईल, अन् तुमचं काम पुढच्या साली."

यंत्राच्या पत्र्यावर कागद ठेवून मी वन्यजीव कायद्याचा आधार घेत माझ्याच अर्जाला स्थगिती मागितली. चालकाने तो वाचला. "लय भारी! फिर्यादीनंच तारीख मागितली!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे लांब बसलो. अंडी फुटली होती, पण मादी उठेना. "पिल्लांची पिसं वाळायलीत," गुरुजी पुटपुटले. ऊन डोक्यावर आले. चालकाने दोनदा घड्याळ पाहिले. मी पाहण्याचे टाळले. बांध की पिल्ले, हा निवाडा मला करता येत नव्हता.

मग ती उठली. एक हलकी हाक, आणि दहा पिवळसर गोळे रांगेने तिच्यामागे बांध उतरले, दगडांवरून घरंगळले, पाण्यात पडले आणि पोहू लागले. वय पुरता एक दिवस नाही. त्यांना कुणी शिकवले नव्हते. ती भरवतही नव्हती. पाण्यावरचे किडे पिल्ले स्वतःच टिपत होती. सत्तरी ओलांडलेला मी तोंड उघडे टाकून पाहत होतो.

वरून घार उतरली. आईने इशारा केला आणि सगळी पिल्ले पाण्याखाली गेली. पाणी कोरे झाले.

घार गेली. चालक उभा राहून मोजू लागला. "सात... आठ... नऊ." दहावे दिसेना. मी त्याचा दंड धरला होता, हे मला नंतर कळले.

पाणकणसांत एक डोके वर आले.

"धा!" तो ओरडला आणि धावत यंत्रावर चढला.

माझ्या पहिल्या अर्जाप्रमाणे बांध संध्याकाळपर्यंत साफ झाला. तीन वर्षे ज्याची वाट पाहिली, त्या कामाकडे मी एकदाही वळून पाहिले नाही. माझे तोंड पाण्याकडे होते.