कुठल्या झाडाखाली टेकलात?

माझ्या बापाला कुणी "बरं आहे का?" असं विचारू नये. विचारणारा कितीही शिकलेला असो, उत्तर एकच येतं: "बरा हाय." नांगरताना पायात फाळ घुसला तेव्हा तो बरा होता. मलेरियाने थडथडत गोधडीत पडला होता तेव्हाही बराच होता. परक्या माणसापुढे दुखणं बोलून दाखवायचं म्हणजे आमच्या पाड्यावर हात पसरण्यासारखं समजतात. समोरचा माणूस टेबलाआड खुर्चीवर बसलेला असला तर मग विचारूच नका. साहेबाला उगाच कशाला तरास?

ही गोष्ट एकाच डॉक्टरला कळली होती. तो आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात नऊ वर्षं होता. मराठवाड्यातला, आयुर्वेदाची पदवी घेतलेला, कंत्राटी. मी जव्हारला शिक्षिका, चार बुकं शिकलेली, त्यामुळे मला तो खरा डॉक्टरच वाटायचा नाही. बाला धाप लागते असं आईने सांगितलं तेव्हा मी त्याला थेट नाशिकला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. हृदय कमजोर झालंय, अंगात पाणी साठतं, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, असं निघालं. "आणि दर महिन्याला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवत जा," मोठे डॉक्टर म्हणाले. नेहमीचे डॉक्टर! मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढच्या महिन्यात मी बाला घेऊन केंद्रात गेले. डॉक्टरने कागद नीट वाचले, बाकड्यावर बाच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, काल शेतावरून वर येताना कुठल्या झाडाखाली टेकलात?"

आमचा पाडा पोशेऱ्याकडच्या डोंगरात, उंचावर आहे. भाताची खाचरं खाली ओहोळाच्या काठाला. शेतावरून घरी यायच्या चढणीवर तीन झाडं आहेत. पहिला मोह, मध्यावर उंबर आणि पाड्याच्या तोंडाशी आंबा. डोक्यावर भारा घेऊन येणारा कुणीही यातल्या एकाखाली टेकतो, घाम पुसतो आणि पुढे चालू लागतो. टेकणं हे काही दुखणं नव्हे. त्यामुळे बाने सरळ उत्तर दिलं, "उंबराखाली."

"गेल्या महिन्यात?"

"आंब्याखाली."

डॉक्टर खाली वाकला. "पाय नांगू द्या," म्हणाला. नांगणं म्हणजे आमच्याकडे पाहणं. हा शब्द त्याने आमच्याकडूनच उचलला होता. त्याने घोट्यावर बोट दाबलं, खड्डा किती पडतो ते पाहिलं, छातीला नळी लावली, आणि तीन दिवस लघवीची गोळी एकाऐवजी दोन घ्यायला सांगितलं. बस्स. चौथ्या दिवशी बा आंब्यापर्यंत न थांबता चढला.

चार वर्षं असं चाललं. त्या चार वर्षांत बाला एकदाही दवाखान्यात भरती करावं लागलं नाही. लसीकरणाच्या दिवशी डॉक्टर नर्सबाईंबरोबर स्वतः ती चढण चढून पाड्यावर यायचा, बरोबर मोहाखाली थांबून धापा टाकायचा, आणि बा त्याला वरून हाका मारून चिडवायचा, "डाक्टर, तुला गोळी देऊ काय?" बा त्याला अरेतुरे करायचा तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्याला काहीच वाटायचं नाही. तो अंगणात बसून नागलीची भाकर खायचा आणि जाताना परत एकदा बाचे पाय नांगायचा.

मग तो गेला. मुलं मोठी झाली होती, गावाकडे आईवडील थकले होते, आणि नऊ वर्षं राबूनही नोकरी कायम झाली नव्हती. मी त्याला बोल लावणार नाही. ज्यांनी त्याला नऊ वर्षं दर अकरा महिन्यांनी नव्याने अर्ज करायला लावला, त्यांना मात्र लावीन. उंटावरून शेळ्या हाकणारे हे लोक. डॉक्टरची जागा भरलेली आहे एवढंच त्यांना कागदावर दिसायला हवं असतं. आज कोण आहे, उद्या कोण असेल, त्याला पाड्यावरचं एक तरी माणूस ओळखीचं आहे का, याचा रकाना त्यांच्या कागदात नाही. शिरपामाळावर फिरायला आलेले शहरातले पाहुणे मला विचारतात, काय हो, तुमच्याकडची हवा किती छान! हो, छानच आहे. या छान हवेत माझ्या बापाला श्वास पुरत नव्हता.

त्याच्यामागून दोन वर्षांत पाच डॉक्टर आले. एक वर्षभराच्या सक्तीच्या सेवेवर आला होता, तो पहिल्या दिवसापासून कॅलेंडरकडे बघायचा. एकाकडे दोन केंद्रं होती, म्हणजे खरं तर एकही नव्हतं. प्रत्येकाने पहिलं वाक्य तेच म्हटलं, "जुने कागद दाखवा." बाचे कागद आई चुलीवरच्या माळ्याला पिशवीत टांगून ठेवते, वाळवी लागू नये म्हणून. धुराने ते तपकिरी पडलेले. एकाने तर ते दोन बोटांनी धरून बाजूला ठेवले. जसे काही आम्ही कागद नाही, कोळसाच नेला होता! मी म्हटलं, "साहेब, तीन झाडं आहेत, ती विचारा त्यांना." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तपासणी माझीच करायला हवी. मग त्याने बाला विचारलं, "धाप लागते?"

"नाय."

"पायाला सूज?"

"नाय."

"बरं आहे ना सगळं?"

"बरा हाय."

ब्लडप्रेशर चांगलं निघालं. तक्रार काही नाही, तर मग लघवीची गोळी कशाला, म्हणून त्याने ती बंद केली. बाला आनंदच झाला, सारखं बाहेर जायला नको. मी भांडले का? नाही. शाळेची वेळ होत होती. एवढा शिकलेला माणूस म्हणतोय तर असेल, असं मीही म्हटलं.

पुढचे पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी फोन करत होते. अंगणाच्या एका कोपऱ्यातच नेट येतं, तिथे उभा राहून बा बोलायचा. मी विचारायचे, "बा, बरं आहे ना?" तो म्हणायचा, "बरा हाय." आणि मी फोन ठेवायचे.

हे लिहिताना माझा माझ्यावरच संताप होतो. डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडणारी मी, मीही तोच प्रश्न विचारत होते आणि तेच उत्तर खरं मानत होते. मी तर त्याची मुलगी होते.

सोळाव्या दिवशी सकाळी आईने फोन केला. आई आपणहून कधी फोन करत नाही. म्हणाली, "बा भिताडाला टेकून झोपतोय. आडवा पडला का त्याचा जीव गुदमरतो." मी शाळेतून तशीच निघाले. पाड्यावरच्या चौघांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चढणीवरून खाली उतरवला. मोहापाशी पोचेस्तोवर त्याचे ओठ निळे पडले होते. तिथून जीप, जव्हार, आणि जव्हारहून नाशिक. वॉर्डातला डॉक्टर माझ्यावर ओरडला, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" मीही ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, सगळा वॉर्ड बघत होता एवढं आठवतं. गोंधळ थांबल्यावर डॉक्टरने बाला विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?" तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बाने तो बाजूला केला आणि म्हणाला, "बरा हाय."

वाचला. पण हृदय आणखी थकलं. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं पाणी भरलं तर माझ्या हातात काही नाही, तेव्हा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

उन्हाळ्यात केंद्रात एक नवीन डॉक्टर आली, तरुण मुलगी. या वेळी मी तोंड बंद ठेवलं नाही. तिला तिन्ही झाडं समजावली, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहायला लावली. बिचारीने लिहिली. बाला सारखं खाली उतरवायला नको, म्हणून मी रोज फोनवर त्याला विचारायचं आणि तिला कळवायचं असं ठरलं. पाऊस लागला तरी आमचं चालू होतं.

"बा, आज कुठल्या झाडाखाली टेकलास?"

"आंब्याखाली."

रोज आंबा. मी डॉक्टरला कळवायचे, ती म्हणायची, छान, आहे तीच गोळी चालू ठेवा. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले की बघा, असं विचारायचं असतं. तिच्या करारातले चार महिने राहिले होते, त्यानंतर येरे माझ्या मागल्या, एवढीच काय ती धाकधूक.

गणपतीच्या सुट्टीत पाड्यावर गेले. मोहावरून गेले, उंबरावरून गेले, आणि पाड्याच्या तोंडाशी येऊन थांबले. वर नुसतं आभाळ होतं. आंबा नव्हता. ज्येष्ठातल्या वाऱ्याने तो मुळासकट उपटला होता, फांद्यांचं सरपण कधीच रचून झालं होतं आणि खोडाचा एक ओंडका वाटेच्या कडेला पडला होता.

बा ओट्यावर बसला होता. पाय सुजून घट्ट झाले होते. आई म्हणाली, पावसाळा लागल्यापासून तो अंगणाच्या खाली उतरलाच नाही.

मी खूप बोलले त्याला. रडले पण. "मला रोज खोटं सांगत होतास? त्या आधीच्या डॉक्टरला तर कधी खोटं सांगितलं नाहीस!"

बाने सुजलेला पाय जरा उचलून दुसऱ्या पायावर ठेवला.

"त्याला कसा सांगू?" तो म्हणाला. "तो येऊन नांगायचा."