तिने प्याला का घेतला नाही

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते; येशूच्या आठवणीत सगळे पुढे टेबलापाशी येऊन पावाचा तुकडा आणि रसाचा प्याला घेतात. मनुका उकळून रस गाळणे, पावाच्या कडा काढून तुकडे करणे, छोटे पेले मांडणे हे काम कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. श्रद्धेच्या बाबतीत माझी गाडी अधूनमधून अडते, पण पेले कधी कमी पडलेले नाहीत.

म्हणून ती सलग तीन महिने पुढे आली नाही, हे सगळ्यांत आधी मलाच दिसले. ती रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात नर्स आणि आमच्या संडे स्कूलची, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गाची, शिक्षिका. घर बौद्ध, ती एकटीच ख्रिस्ती झालेली. महिला मंडळात मी सहज म्हणाले, "मागं फिरली वाटतं." सहज, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. पंधरा दिवसांत ते चर्चच्या कमिटीपर्यंत पोचले आणि मुलांचा वर्ग तिच्याकडून काढून घ्यायचे ठरत आले. आधी एकदा विचारून या, म्हणून पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, मलाच पाठवले.

जरीपटक्यात तिची खोली आहे. तिने चहा केला. मला आडवळणे जमत नाहीत.

"प्रभुभोजन काहून नाही घेऊन राहिली वं?"

"तुमच्यामुळे, ताई."

मी कप खाली ठेवला.

दसऱ्याला ती आईला दीक्षाभूमीवर घेऊन गेली होती. नंतरच्या रविवारी पेले पुसता पुसता मी चार बायकांसमोर तिला म्हणाले होते, "एक पाय तिकडे, एक इकडे. एकदाचं ठरव वं." बायका हसल्या होत्या. मी ते विसरूनही गेले होते.

"आईचे गुडघे गेले. मी नाही नेणार तं कोण नेईन?" ती म्हणाली. "पाळकच सांगतात ना, मनात राग असन तं आधी मिटवा, मग टेबलापाशी या. माझा मिटूनच नाही राहिला. खोटं कसं घेऊ?"

"मग मले सांगायचं होतं."

"तुम्हाले? तुम्ही तं पेले मोजून राहिल्या होत्या."

खरेच होते. तिने तो नियम पाळला. मी तिच्याबद्दल बोलून आले, गुडघे टेकले, घेतले आणि पेले धुऊन घरी गेले. वर्ग मात्र तिचा जाणार होता.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ऐकलं. पण लगेच नाही होणार." जखम किती दिवसांत भरते हे नर्सला माझ्यापेक्षा जास्त कळते.

कमिटीत मी सांगितले की ती मागे फिरल्याची गोष्ट माझ्याच तोंडून निघाली आणि ती गोष्ट खोटी आहे. एक काका म्हणाले, "जाऊ द्या बाई, विषय बंद करू." मी म्हटले, "आधी लिहून घ्या, मग बंद करा." वर्ग तिच्याकडे राहिला. महिला मंडळात तेच सांगणे जास्त जड गेले. तिथे या वेळी कोणी हसले नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला मी टेबल मांडले आणि मागच्या बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसले. माना वळल्या.

"जा ना ताई, काहून बसून राहिल्या?"

"तुझं मिटलं?"

"नाही."

"मग बसते."

ती थोडी सरकली. माझी पर्स ठेवण्यापुरती जागा झाली.

त्या रविवारी दोन भरलेले पेले उरले. नंतर पेले धुवायला ती माझ्याबरोबर आली.