जनूबाबाची सात मिनिटं

जनूबाबा थापा मारतो हे बदलापूरच्या नदीकाठच्या त्या पाड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोठ्या पुरात मगर त्याच्या ओटीवर चढली आणि त्यानं तिला तांदळाची भाकरी भरवून माघारी धाडली, ही त्याची लाडकी थाप. एकदा म्हणे त्यानं नुसती टोपी हलवून मेल गाडी थांबवली, कारण रुळावर त्याची म्हैस रवंथ करत बसली होती. म्हैस होती, हे खरं. बाकी सगळं जनूचं. त्याची बायको जनी सत्तेचाळीस वर्षं हे ऐकत आली होती. तो बोलायला लागला की ती उठून भांडी घासायला घ्यायची, आधीच घासलेली असली तरी.

आता अशा माणसाच्या तोंडून उभ्या जन्मात एकदा खरं निघावं, आणि नेमकं तेच माणसाएवढ्या अक्षरांत फलकावर चढावं! याला काय म्हणायचं, सांगा.

झालं असं. पाड्याची गुरं जिथं पाण्यावर जायची, तिथं एका बिल्डरनं ऑफिसांची इमारत काढली. चौदा मजले, सगळ्या काचा. इंग्रजी नाव एवढं लांब की पाड्यावर कुणी ते पुरतं घेत नाही, नुसतं 'काचेचं' म्हणतात. पाया खणत होते तेव्हा बिल्डरचा मार्केटिंगवाला सुयोग, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि बूट घोट्यापर्यंत चिखलात, बांधावर बसलेल्या जनूला म्हणाला, "बाबा, इथून स्टेशन किती लांब?"

"सात मिनिटं."

सुयोग हसला. रस्त्यानं रिक्षालासुद्धा पंधरा लागत होती. जनूचं टाळकंच सरकलं. त्यानं सुयोगच्या दंडाला धरलं आणि चालवतच नेलं. चिंचेखालनं, बांधावरनं, नाल्यावर टाकलेल्या दगडी लादीवरनं, बाजाराच्या मागल्या गल्लीतनं, थेट स्टेशनच्या जिन्यापाशी. सुयोगच्या मोबाइलवर सहा मिनिटं पन्नास सेकंद झाली होती. गडी जाम खूश! महिन्याभरात हायवेपासून अंबरनाथपर्यंत फलक लागले, 'स्टेशनपासून फक्त ७ मिनिटं'. जनू शेअर रिक्षानं मुद्दाम अंबरनाथला जाऊन तो फलक बघून आला. दोनदा.

पण फलक लावणारे आणि कंपाउंड बांधणारे, एकाच कंपनीची माणसं असून, एकमेकांची तोंडं कधी बघत नव्हते. कंपाउंडवाल्यांनी नकाशा बघितला, नदी बघितली, चिखलातल्या म्हशी बघितल्या आणि चिंचेच्या जरा पुढं दहा फुटी भिंत घातली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. गेट एकच, पार पलीकडं, मोठ्या रस्त्याला. म्हणजे सात मिनिटांतलं शेवटचं मिनिट भिंतीआड गेलं, आणि त्या एका मिनिटापायी नाल्याला वळसा घालून पस्तीस मिनिटं पाय तोडत जायचं. बस तिकडं फिरकत नव्हती. रिक्षावाले सीट भरल्याशिवाय हलत नव्हते, आणि सीट भरली की वाट्टेल तिथं उतरवत होते.

पहिली कंपनी भाड्यानं आली, दोनशे माणसांची. आठवड्यात सगळ्यांच्या बुटांवर धूळ आणि तोंडावर शिव्या. जनूची नात रिद्धी तिथंच रिसेप्शनला लागली होती. तिचं घर भिंतीच्या अलीकडं आणि खुर्ची पलीकडं. आजीनं अंगणातनं हाक मारली तर खुर्चीत ऐकू यायची, पण पोरीला घरनं ऑफिसात पोचायला अर्धा तास. भिंतीबद्दल तिनं बिल्डरच्या साइटवरल्या माणसांना सांगितलं. ते म्हणाले, मेल करा. तिनं मेल केला. तो मेलही बहुधा नाल्याला वळसा घालत बसला.

त्या कंपनीच्या यशोधरा मॅडम विठ्ठलवाडीच्या. बाई शब्दाला पक्क्या, आवाज न चढवता माणसाला घाम फोडणाऱ्या. आणखी तीन मजले घ्यायचे की नाही, हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी भर लॉबीत सुयोगला विचारलं, "सात मिनिटं कुठल्या हिशोबानं?"

सुयोगला पहिला प्रश्न पेपराबाहेरचा आला. "मॅडम, इथल्याच एका बाबांनी सांगितलं होतं. जनूबाबा."

शेजारी उभा असलेला हाउसकीपिंगवाला पाड्यावरचाच. तो फिसकन हसला. "जनूबाबा? मगरवाला?" मग काय, दुपारच्या डब्यापर्यंत मगर चौदाही मजले फिरून आली.

संध्याकाळी रिद्धीनं पर्स खाटेवर आपटली. "आजोबा, सगळे हसतात! त्या फलकावरची थाप तुमची आहे म्हणतात."

"थाप नाय ती," जनू म्हणाला.

जनीनं भांडी घासायला घेतली.

त्या रात्री जनू जेवला नाही. मगरीवर लोक हसले तर त्याला गोड वाटायचं. हसावं म्हणूनच तर तो सांगायचा. पण हे खरं होतं, त्याच्या पायांनी मोजलेलं. याच वाटेनं तो चाळीस वर्षं दुधाच्या किटल्या स्टेशनवर घेऊन गेला होता. त्याला फार वाईट वाटलं, अगदी पोरासारखं रडू आलं, आणि आपलं कुणीच का ऐकत नाही, हे पुरतं ठाऊक असल्यामुळं तर जास्तच आलं.

सकाळी धुतलेली टोपी घालून, पस्तीस मिनिटांचा वळसा घेऊन, तो लॉबीत हजर. "मॅडम, उद्या धा वाजता. स्टेशनच्या जिन्यावरनं मी निंगतो. तुमी हितं घड्याल लावा."

"आणि नाही पोचलात तर?"

"तर त्या फलकावर माझा फोटो लावा, आन् खाली लिवा, ह्यो खोटारडा."

मॅडमनी चष्म्यावरनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "दहा वाजता."

घरी जनी म्हणाली, "आवो, गुडघे बघा आधी. निघाले मोठे सात मिनिटवाले!" तरी सकाळी तिनं त्याच्या गुडघ्यांना तेल चोळलं, जरा जोरातच.

दहा वाजता स्टेशनच्या जिन्यावरनं सुयोग मॅडमना व्हिडिओ कॉल लावून बरोबर निघाला. जनूनं लुंगी खोचली आणि सुटला. बाजाराच्या गल्लीत भाजीवाल्या कौसाबाईनं विचारलं, "काय रं जनू, मगर लागलीय का पाठी?" तो थांबला नाही, आजपर्यंत असल्या प्रश्नाला तो थांबला नाही असं झालंच नव्हतं. लादीवर सुयोग घसरला, जनू नाही. बांधावर गुडघा ठणकला, तेव्हा त्यानं गुडघ्यालाच एक कचकचीत शिवी हासडली. चिंच मागं पडली आणि समोर भिंत आली.

सुयोग बघतच राहिला. भिंत झाल्यापासून तो या बाजूला आलाच नव्हता. त्याचं खातं फलकाचं.

"बाबा, आता?"

जनूनं बांधावरचा एक धोंडा उचलला आणि भिंतीवर ठोकायला लागला. ठक. ठक. ठक. आत कँटीनमध्ये चहा घेणारी माणसं दचकली. रिद्धी रिसेप्शन सोडून धावली, तिच्यामागं मोबाइल हातात घेऊन मॅडम, मॅडमच्या मागं अर्धं ऑफिस. सगळे भिंतीला कान लावून उभे.

"मॅडम!" पलीकडनं धापा टाकत आवाज आला. "किती झाली?"

मॅडमनी बघितलं. "सहा मिनिटं, पाच सेकंद."

"मंग पंचावन सेकंद माजी उरली. ती तुमच्या ह्या भिंतीत हायेत. काडून द्या!"

कुणीतरी हसलं. मॅडम नाही हसल्या. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, पलीकडनं ठोकण्याचा हादरा हाताला लागला, आणि त्यांनी तिथूनच बिल्डरला फोन लावला. "तीन मजले हवेत ना आम्ही घ्यायला? मग इथं दरवाजा. तोपर्यंत सही नाही."

जो मेल इतके दिवस वळसे घेत होता तो वीस दिवसांत पोचला. भिंतीत दरवाजा आला, कार्ड दाखवलं की उघडणारा. आता रोज सकाळी दोनशे माणसं चिंचेखालनं जातात आणि "काय बाबा, सात?" असं विचारतात. जनूला मॅडमनी व्हिजिटरचं कार्ड दिलं. ते गळ्यात घालून तो शेतावर जातो, बाजारात जातो, आंघोळीलाही काढत नाही.

दरवाजा उघडला त्या संध्याकाळी ओटीवर तो आणि जनी दोघंच होती. जनीच्या हातात भांडं नव्हतं. ती त्याच्याजवळ सरकून बसली.

"आवो," ती म्हणाली, "ती मगर. तिनं भाकरी खाल्ली का हो खरंच?"

सत्तेचाळीस वर्षांत तिनं पहिल्यांदा विचारलं होतं, आणि तो सांगेल ते ती खरं धरणार होती. जनूनं टोपी काढली, डोकं खाजवलं, नदीकडं बघितलं.

"मगर नव्हती गं," तो म्हणाला. "घोरपड होती. बारकीच."