मी बैल नव्हते

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाच्या हाती लागलंच तर सांभाळून घ्यावं.

आम्ही परदेशात, टाकानिनी नावाच्या गावी राहायचो. नवरा हॉटेलात स्वयंपाकी आणि मी जवळच्या पुकेकोहेला कांद्याच्या शेडमध्ये, सरकत्या पट्ट्यावरून सडके कांदे वेचायला. शेजारी एक वयस्क चिनी बाई उभी असायची. मी तिला ताई म्हणायचे. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून तिच्याशी बोलायची लाज वाटत नसे.

त्यांच्या नववर्षाला तिने संत्री आणली आणि विचारलं, "तुझा जन्म कधीचा?"

मी पासपोर्टवरची तारीख सांगितली, एक जून, त्र्याहत्तर. ती गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मली होती! खरी तारीख मी आईला कधी विचारली नव्हती. साल तर बरोबर आहे ना, एवढंच डोक्यात.

त्यांच्यात दर सालाचं एक जनावर असतं, बारा सालांची बारा. तिने ती बोटांवर मोजली. "बैल! तरीच. दिवसभर राबतेस, तोंडातून शब्द नाही."

"आणि तू?"

"मी कोंबडी. तुला उठवायला कुणीतरी हवं की!"

पुढे शेळीचं वर्ष लागलं. ताईने बजावलं, शेळीचं आणि बैलाचं पटत नाही, यंदा लांबचा प्रवास करू नकोस. त्याच वर्षी जुलैत गावी आईने अंथरूण धरलं. भावाचा फोन आला, "आक्का, येऊन जा. आई सारखी तुझं नाव काढते."

तिकिटाचे पैसे ताई देते म्हणाली. "पण आमचं नवं वर्ष लागू दे. थोडेच महिने."

एकटीने विमानात बसायची मला भीती होतीच. तिचं बोलणं सोयीचं वाटलं. आईला फोनवर म्हटलं, फेब्रुवारीत येते. ती म्हणाली, "ये सवडीने."

संक्रांतीच्या तोंडावर आई गेली. ताईच्या पैशांनी तिकीट काढलं, पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. मावशी गळ्यात पडली. "भोगीला जन्मलीस तू, बाई. भाजी चुलीवर तशीच टाकून तुझी आई बाळंत झाली. दर भोगीला तुझ्या नावाने गाईला भाकरी घालायची. यंदाचीच चुकली. तुला ठाऊक नाही होय?"

ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

परत आल्यावर हे ताईला सांगितलं. तिने फोनमध्ये जुनी सालं पाहिली. "त्या साली आमचं नवं वर्ष फेब्रुवारीत लागलं. तू आधीच्या वर्षातली. तू उंदीर." हातातला कांदा तिने खाली ठेवला. "म्हणजे मी तुला उगाच थांबवलं."

"तारीख मीच चुकीची दिली, ताई."

त्यानंतर ती कुणालाच त्याचं जनावर सांगेना. तिकिटाचे पैसेही परत घेईना. पगाराच्या दिवशी मी तिच्या पिशवीत नोटा ठेवायचे, संध्याकाळी त्या माझ्या गमबुटात सापडायच्या. शेवटी एकदा मी धीर करून बोलले, "तू पैसे घेत नाहीस, म्हणजे स्वतःला दोष देतेस. त्याने माझी आई परत येत नाही."

तेव्हापासून थोडे थोडे घेऊ लागली. तीन वर्षांनी, कुत्र्याचं वर्ष सरत आलं तेव्हा मी उरलेले दिले. दोन्ही हातांनी घेऊन ती न मोजताच खिशात घालत होती. मी म्हटलं, "मोज."

तिने मोजले. पूर्ण होते.